गिरणीला पट्टा कोणता घ्यावा? चपटा, व्ही की दातेरी

महाड/पोलादपूर : भाताची झोडणी उरकली की महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या गिरण्यांचे खरे दिवस सुरू होतात. दळण आणि भात घेऊन माणसं रांगेत उभी असतात आणि नेमका तेव्हाच पट्टा तुटतो. मग धावपळ करून मिळेल तो पट्टा आणला जातो, पहारीने ओढून पुलीवर चढवला जातो आणि गिरणी पुन्हा सुरू होते. महिन्याभरात तोही जातो. दोष पट्ट्याच्या कंपनीला दिला जातो. पण बऱ्याचदा पट्टा वाईट नसतो, त्या कामासाठी तो पट्टाच चुकीचा असतो, नाहीतर चुकीचा बसवलेला असतो.

पट्टे मुख्यतः तीन जातींचे : चपटा, व्ही आणि दातेरी. तिघांचं काम एकच, मोटरची किंवा इंजिनाची ताकद पुढच्या यंत्राला पोहोचवायची. पण तिघांचे स्वभाव वेगळे आहेत. निवडताना आधी एक प्रश्न विचारावा : यंत्रात काही अडकलं, तर पट्ट्याने घसरावं की घसरू नये? उत्तर मिळालं की अर्धी निवड तिथेच होते.

पट्टा ताकद कशी पोहोचवतो?

चपटा आणि व्ही हे दोन्ही पट्टे पुलीला घट्ट धरून चालतात. ही पकड घर्षणाची असते. पट्ट्याची एक बाजू ताणलेली आणि दुसरी थोडी सैल राहते. या दोन ताणांमधला जो फरक, तोच यंत्र ओढतो.

वेगाचं गणित सोपं आहे. मोटरचे फेरे गुणिले मोटरच्या पुलीचा व्यास, हे गिरणीचे फेरे गुणिले गिरणीच्या पुलीचा व्यास याच्याइतकं येतं. समजा मोटर मिनिटाला 1440 फेरे मारते, तिची पुली 5 इंची आहे आणि गिरणीची पुली 10 इंची आहे. मग गिरणीला 720 फेरे मिळतात. पट्टा थोडा घसरत असेल तर प्रत्यक्षात 700 च्या आसपास मिळतील. दळण जास्त यावं म्हणून काही जण मोटरची पुली मोठी करतात. त्याने फेरे वाढतात, पण मोटरवरचा भारही वाढतो आणि पीठ गरम येतं. यंत्र बनवणाऱ्याने जेवढे फेरे सांगितलेत, तेवढेच ठेवावेत.

दुसरं गणित ओढ्याचं. साडेसात हॉर्सपॉवरची मोटर पूर्ण भाराने चालत असेल आणि तिची पुली 5 इंची असेल, तर पट्ट्याला सुमारे 60 किलोच्या वजनाइतका ओढा सोसावा लागतो. तीच पुली 4 इंची केली तर ओढा 75 किलोच्या जवळ जातो. म्हणजे पुली जेवढी लहान, तेवढा पट्ट्यावरचा ताण जास्त. शिवाय लहान पुलीला पट्ट्याचा वेढा कमी बसतो, त्यामुळे घसरण वाढते. लहान पुलीवर पट्टे लवकर जातात ते यामुळेच.

चपटा पट्टा : आजोबांच्या वेळचा, पण अजून जिवंत

या भागातल्या अनेक घरांतले आजोबा-पणजोबा मुंबईच्या गिरणगावात कामाला होते. त्या काळच्या कारखान्यांत वाफेच्या एकाच इंजिनावर छताजवळचा लांब शाफ्ट फिरायचा आणि त्यावरून खाली प्रत्येक यंत्राला चामड्याचा चपटा पट्टा यायचा. गावात हा पट्टा आला तो डिझेल इंजिनाबरोबर. पुण्यात 1946 मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. पुढे संथ फेऱ्यांच्या मोठ्या चाकाच्या इंजिनावर चपटा पट्टा घालून पिठाची गिरणी, भाताची गिरणी आणि पंप चालवणं महाराष्ट्रभर रूढ झालं.

चपट्या पट्ट्याचे गुण मोठे आहेत. इंजिन शेडच्या बाहेर आणि गिरणी आत, मध्ये दहा-पंधरा फूट अंतर, एवढ्या लांब तो सहज चालतो. पट्टा आठ आकड्यासारखा तिढा देऊन घातला की यंत्र उलट्या दिशेने फिरतं, वेगळा गिअर लागत नाही. यंत्र अडकलं तर पट्टा घसरतो किंवा पुलीवरून उतरतो आणि इंजिन वाचतं. तुटला तर तिथेच जोड मारून चालू करता येतो.

दोषही तेवढेच. पकड कमी असल्यामुळे तो ताणून ठेवावा लागतो आणि त्या ताणाने बेअरिंगवर भार येतो. जोडाची पिन प्रत्येक फेऱ्याला पुलीवर आपटते. पावसाळ्यात हवा दमट झाली की चामड्याचा पट्टा सैल पडतो, कापडी पट्टा ओल धरतो. दोन्ही शाफ्ट एका रेषेत नसतील तर पट्टा सारखा उतरतो. म्हणूनच चपट्या पट्ट्याची पुली मध्ये किंचित फुगीर असते. पट्टा आपोआप फुगीर भागाकडे सरकतो आणि मधोमध राहतो. पुली झिजून सपाट झाली असेल तर पट्टा कितीही नवा घाला, तो उतरणारच.

चपटा पट्टा घालताना शक्यतो ताणलेली बाजू खाली आणि सैल बाजू वर ठेवावी. सैल बाजू वरून खाली झोळ देते, पुलीला जास्त वेढा बसतो आणि पकड वाढते.

व्ही पट्टा : पाचरीची पकड

लाकूड फोडताना पाचर जशी फटीत घट्ट बसते, तसा व्ही पट्टा पुलीच्या खाचेत बसतो. पट्ट्याच्या दोन बाजू तिरक्या असतात. ताण आला की तो खाचेत आणखी रुततो. त्यामुळे तेवढ्याच ताणात चपट्या पट्ट्याच्या सुमारे तिप्पट पकड मिळते. म्हणून व्ही पट्टा जवळजवळच्या शाफ्टवरही चालतो आणि मोटर गिरणीच्या शेजारीच बसवता येते.

अमेरिकेत 1917 च्या सुमारास जॉन गेट्स यांच्या कंपनीने रबर आणि दोऱ्यांचा व्ही पट्टा मोटारींसाठी आणला. आज आपल्याकडे मोटरवर चालणाऱ्या बहुतेक गिरण्यांना, पंपांना, मळणी यंत्रांना हाच असतो. गिअर नसलेल्या स्कूटरच्या डाव्या बाजूच्या झाकणाखालीही व्ही पट्टाच फिरत असतो. महाराष्ट्रात नागपूरला असे पट्टे बनतात.

पट्ट्यावर छापलेला आकडा समजून घेतला तर दुकानात फसगत होत नाही. 'ए' पट्टा वरून 13 मिलिमीटर रुंद असतो, 'बी' 17 मिलिमीटर आणि 'सी' 22 मिलिमीटर. पट्ट्यावर 'बी 60' लिहिलं असेल तर तो 'बी' जातीचा असून त्याची आतली लांबी 60 इंच आहे. प्रत्येक जातीला किती लहान पुली चालते तेही ठरलेलं आहे : 'ए' ला निदान 75 मिलिमीटर, 'बी' ला 125 मिलिमीटर म्हणजे सुमारे 5 इंच, 'सी' ला 200 मिलिमीटर म्हणजे सुमारे 8 इंच. जाड पट्टा जास्त टिकेल म्हणून लहान पुलीवर 'सी' चढवला तर तो सारखा मुडपून आतून फाटतो. 'बी' च्या खाचेत 'ए' बसवला तर तो तळाला टेकतो आणि घसरत राहतो.

एका पट्ट्याने भागत नसेल तर दोन-तीन शेजारी शेजारी घालतात. साडेसात एचपीच्या मोटरला 'बी' चे साधारण दोन-तीन पट्टे लागतात. नेमका आकडा पुलीच्या मापावर आणि फेऱ्यांवर ठरतो, तो कंपनीच्या तक्त्यात मिळतो. यात एक गोष्ट कायम लक्षात ठेवावी : तीनपैकी एक तुटला तरी तिन्ही एकदम बदलावेत. जुने दोन लांबलेले असतात. नवा एकटाच सगळा भार घेतो आणि आठवड्यात जातो. जुन्यांतला चांगला असेल तो अडीअडचणीला ठेवून द्यावा.

दातेरी पट्टा : घसरतच नाही

दातेरी पट्ट्याला आतून दात असतात आणि पुलीलाही तसेच दात असतात. सायकलच्या साखळीसारखं हे काम आहे, पण तेल लागत नाही. हा पट्टा 1940 च्या दशकात अमेरिकेत शिलाई मशीनसाठी तयार झाला. वरची सुई आणि खालची बॉबिन यांचा मेळ एका फेऱ्यानेही चुकू नये, म्हणून न घसरणारा पट्टा हवा होता. पुढे 1962 च्या सुमारास जर्मनीच्या ग्लास कंपनीने तो मोटारीच्या इंजिनात वापरला. तोच आजचा टायमिंग बेल्ट. इंजिनाचे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ तो सांभाळतो. आंबेनळी किंवा वरंध घाट चढताना टायमिंग बेल्ट तुटला तर अनेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतात आणि इंजिन खोलावं लागतं. म्हणून ज्या गाडीला टायमिंग बेल्ट आहे तिचा पट्टा कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरवर बदलायचाच, तो दिसायला चांगला असला तरी. काही गाड्यांना पट्ट्याऐवजी साखळी असते. आपल्या गाडीला काय आहे ते पुस्तिकेत लिहिलेलं असतं.

इथे एक घोळ नेहमी होतो. दात दिसणारे पट्टे दोन जातींचे असतात. एक हा खरा दातेरी पट्टा, त्याला दातेरी पुलीच लागते. दुसरा 'कॉग' पट्टा. तो मुळात व्ही पट्टाच, फक्त आतल्या बाजूला खाचा पाडलेल्या असतात म्हणजे तो लहान पुलीवर सहज वळतो आणि कमी तापतो. तो साध्या व्ही पुलीवर बसतो. साध्या व्ही पट्ट्याच्या जागी कॉग पट्टा घालायला पुली बदलावी लागत नाही. दातेरी पट्टा घालायचा तर दोन्ही पुल्या बदलाव्या लागतात.

मोटारींच्या शर्यतीतही हाच प्रश्न

पट्टा निवडण्याचा हा पेच फक्त गिरणीवाल्यांचा नाही. मोटारीच्या इंजिनात जास्त हवा कोंबून ताकद वाढवण्यासाठी सुपरचार्जर नावाचा पंप बसवतात. आपल्याकडच्या डिझेल जीपमागे 'टर्बो' लिहिलेलं असतं ते वेगळं. टर्बो सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतो, त्याला पट्टा नसतो. सुपरचार्जर मात्र इंजिनाच्याच पुलीवरून पट्ट्याने फिरतो. मर्सिडीजच्या काही जुन्या गाड्यांवर 'कॉम्प्रेसर' असं लिहिलेलं दिसतं, त्या सुपरचार्जरच्या गाड्या.

रस्त्यावरच्या अशा गाड्यांना बहुतेक करून अनेक धारांचा पातळ पट्टा असतो. वॉशिंग मशीनच्या आत असतो तसा, म्हणजे लहान लहान व्ही शेजारी शेजारी. तो आवाज करत नाही आणि अचानक झटका आला तर जरासा घसरून तो झटका गिळतो. ड्रॅग शर्यतीच्या गाड्यांचं गणित वेगळं. तिथे सुपरचार्जर फिरवायलाच काही शे हॉर्सपॉवर लागते. पट्टा घसरला की हवा कमी पडते आणि शर्यत गेली. म्हणून तिथे रुंद दातेरी पट्टा लावतात. तो खूप ओरडतो आणि झटका आला तर दात तुटतात, पण घसरत नाही.

म्हणजे दोन्ही पट्टे आपापल्या जागी बरोबर आहेत. जिथे घसरणं परवडत नाही तिथे दातेरी. जिथे न घसरणंच महागात पडतं तिथे व्ही किंवा चपटा.

घसरणं म्हणजे दोष नाही, फ्यूज आहे

भाताच्या गिरणीत पोत्यातून खडा, खिळा, सुतळीचा गुंता जातो. पिठाच्या गिरणीत दगडांमध्ये काहीतरी अडकतं. मळणी यंत्रात ओला पेंढा एकदम जास्त घातला की ड्रम थांबतो. अशा वेळी व्ही पट्टा घसरतो, किंचाळतो, जळका वास येतो आणि गिरणीवाला बटण बंद करतो. नुकसान झालंच तर पट्ट्याचं.

तिथे दातेरी पट्टा असता तर? मोटरचा सगळा झटका सरळ शाफ्टवर आला असता. एक तर पट्ट्याचे दात तुटले असते, नाहीतर शाफ्टची चावी कापली गेली असती, नाहीतर मोटर जागीच अडकून जास्त करंट ओढत जळाली असती. गावात व्होल्टेज कमी असतं तेव्हा ही भीती आणखी वाढते.

अर्थात हा फ्यूज काही सेकंदांपुरताच आहे. घसरत्या पट्ट्यावर गिरणी तशीच रेटली तर पट्टा जळतो आणि पुलीची खाचही चकचकीत होऊन झिजते. म्हणून पट्टा कोणताही असो, स्टार्टरमधला ओव्हरलोड मोटरच्या पाटीवरच्या ॲम्पिअरप्रमाणेच लावलेला असावा. सारखा ट्रिप होतो म्हणून तो वाढवून ठेवणं म्हणजे मोटर जाळण्याची तयारी.

कुठल्या कामाला कुठला पट्टा?

पिठाची गिरणी, मोटरवरची : व्ही पट्टा. जमत असेल तर कॉग पट्टा.

भाताची गिरणी : व्ही पट्टा, पुरेशा संख्येने. एका पट्ट्यावर ओढाताण करण्यापेक्षा दोन-तीन बरे.

जुनं डिझेल इंजिन लांब ठेवून चालवलेली गिरणी : चपटा पट्टा. नायलॉन आणि रबराचे आजचे चपटे पट्टे चामड्यापेक्षा दमटपणा जास्त सोसतात.

मळणी यंत्र : व्ही पट्टा. झटके जास्त असल्यामुळे इथे दातेरी नकोच.

पॉवर टिलर, पॉवर वीडर : इंजिनाबरोबर कंपनीने दिलेला असेल तोच, त्याच मापाचा.

पाण्याचा पंप, पंखा, ब्लोअर : भार एकसारखा असतो आणि तास जास्त चालतं. इथे कॉग पट्टा फायद्याचा. मोठी मोटर दिवसरात्र चालत असेल तर दातेरी पट्ट्याचा विचार करता येतो. महाडच्या एमआयडीसीत काम करणाऱ्यांना हा फरक जास्त उपयोगी पडेल.

घरघंटी : अनेक घरघंट्यांत दळणाची पेटी सरळ मोटरच्या शाफ्टवर असते, पट्टाच नसतो. पट्टा असेल तर पुस्तिकेतला नंबर पाहून तोच घ्यावा.

वीज बिलात किती फरक पडतो?

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या माहितीनुसार चांगला बसवलेला व्ही पट्टा 95 ते 98 टक्के ताकद पुढे पोहोचवतो. पण वेळोवेळी ताण दिला नाही तर ही कार्यक्षमता 5 टक्क्यांपर्यंत घसरते. कॉग पट्टा साध्यापेक्षा सुमारे 2 टक्के चांगला. दातेरी पट्टा सुमारे 98 टक्के देतो आणि तेवढेच देत राहतो. पण धक्क्याच्या कामाला तो चालत नाही, असंही तेच खातं सांगतं.

आता हिशेब गावचा. साडेसात एचपीची मोटर म्हणजे 5.6 किलोवॉट. रोज 6 तास, वर्षाला 300 दिवस पूर्ण भाराने चालली तर सुमारे 10,000 युनिट. सैल पट्ट्यामुळे 4 टक्के वाया गेले तर 400 युनिट. समजा युनिटला 7 रुपये पडतात, तर वर्षाला 2,800 रुपये नुसते पट्ट्याच्या गरमीत गेले. त्यात दळणही कमी निघतं आणि गिऱ्हाईक ताटकळतं ते वेगळंच. हे पैसे वाचवायला महाग पट्टा लागतोच असं नाही. महिन्यातून एकदा पाना घेऊन मोटर थोडी मागे सरकवणं पुरतं.

बसवताना या चुका टाळा

पहारीने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने पट्टा पुलीवर चढवू नका. आतले दोरे तुटतात, बाहेरून दिसत नाही. मोटरचे बोल्ट सैल करून ती पुढे सरकवा, पट्टा हाताने घाला, मग मोटर मागे ओढा.

दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का ते सुताने पाहा. सूत ताणून धरलं तर ते दोन्ही पुल्यांच्या कडांना मिळून चार ठिकाणी टेकलं पाहिजे. एका ठिकाणी फट दिसली तर मोटर तिरकी बसली आहे.

ताण मोजायची सोपी रीत आहे. दोन पुल्यांमधला पट्टा जेवढ्या इंचांचा, त्याला 64 ने भागा. तेवढे इंच पट्टा मधोमध अंगठ्याने दाबल्यावर खाली जावा. 32 इंचांचं अंतर असेल तर अर्धा इंच. त्यापेक्षा जास्त गेला तर सैल, अजिबात गेला नाही तर जास्त ताणलेला. फार ताणलेला पट्टाही वाईट, तो मोटरची बेअरिंग खातो. नवा पट्टा पहिल्या दिवशी थोडा लांबतो. दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने पुन्हा ताण द्यावा.

नवा पट्टा घालण्याआधी पुलीची खाच पाहावी. व्ही पट्ट्याची वरची पाठ पुलीच्या कडेच्या जवळपास बरोबरीत राहते आणि तळाला फट राहते. खाचेचा तळ आरशासारखा चमकत असेल तर पट्टा तळाला घासतोय, म्हणजे पुली झिजली आहे. अशा पुलीवर कितीही चांगला पट्टा टिकणार नाही.

आवाज येतो म्हणून व्ही पट्ट्याला राळ, डांबर, साबण किंवा तेल लावू नका. तेलाने रबर फुगतं. राळेने दोन दिवस पकड येते आणि मग त्यावर कोंडा चिकटतो. किंचाळणारा पट्टा बहुधा सैल असतो, त्याला ताण हवा असतो.

पाऊस, पूर आणि उंदीर

22 जुलै 2021 च्या पुरात सावित्री आणि गांधारीचं पाणी महाड शहरात शिरलं, दुकानं आणि यंत्रं गाळात गेली. अशा पाण्यातून निघालेली गिरणी पट्टा पुसून लगेच चालू करू नये. पुराच्या गाळात बारीक रेती असते. ती पुलीच्या खाचेत राहिली तर कानशीसारखं काम करते. पुली घासून धुवावी. रबरी पट्टा साध्या साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा. रॉकेलने पुसू नये. कापडी पट्टा थरांतून सुटला असेल तर टाकून द्यावा. बेअरिंग उघडून पाहावी. मोटर पूर्ण वाळवून इलेक्ट्रिशियनकडून मेगरने तपासल्याशिवाय वीज जोडू नये.

पावसाळ्यात जादा पट्टा घरात ठेवायचा तर खिळ्याला टांगू नये, एकाच जागी मुडपतो. सैल गुंडाळी करून कोरड्या डब्यात ठेवावा. ऊन, डिझेल आणि उंदीर यांच्यापासून लांब. गिरणीतल्या उंदरांना पिठाबरोबर पट्टाही चालतो.

जाळी नसेल तर पट्टा कुठलाच चांगला नाही

वर सांगितलेली 5 इंची पुली 1440 फेऱ्यांनी फिरते तेव्हा पट्टा ताशी सुमारे 34 किलोमीटर वेगाने धावत असतो. म्हणजे एका सेकंदात साडेनऊ मीटर. अख्खं नऊवारी लुगडं एका सेकंदाच्या आत ओढलं जाईल, एवढा हा वेग आहे. पदर, ओढणी, वेणी, मफलर, लोंबता हात, काहीही अडकलं तर माणसाला मागे सरायला वेळ मिळत नाही. आणि पट्ट्याचा तो 60 किलोचा ओढा हाताने थोपवता येत नाही.

कारखाना कायदा, 1948 मध्ये फिरत्या भागांना कुंपण घालण्याची सक्ती होती. चालू यंत्राजवळ काम करणाऱ्याने अंगाबरोबर बसणारे कपडे घालावेत, असंही त्यात होतं. मळणी यंत्रांसारख्या यंत्रांसाठी 1983 चा वेगळा कायदा आहे. गावातली दोन माणसांची गिरणी कारखाना कायद्यात बसत नव्हती, तरी तिथला पट्टा तेवढ्याच जोरात ओढतो. लोखंडी पट्ट्या आणि जाळी जोडून गावातला वेल्डर एका दिवसात पिंजरा करून देतो. पिंजरा दोन्ही पुल्या आणि मधला सगळा पट्टा झाकणारा असावा. जाळीतून बोट आत जाता कामा नये. हवा खेळती राहिली की पट्टाही थंड राहतो.

चालू पट्ट्यावर पीठ झटकणं, काठीने पट्टा सरकवणं, उतरलेला चपटा पट्टा इंजिन चालू असताना चढवणं, या सवयी बऱ्याच ठिकाणी आहेत. बटण बंद करून, मेन स्विच खाली ओढून, पुली पूर्ण थांबल्यावरच हात लावावा. दळणाला मुलांना पाठवलं असेल तर त्यांना पट्ट्याच्या बाजूला उभं राहू देऊ नये.

दुकानात जाण्याआधी

जुना पट्टा बरोबर घ्या. त्यावरचा नंबर पुसला असेल तर वरची रुंदी आणि आतली लांबी मोजून लिहून घ्या. मोबाईलमध्ये चार फोटो काढा : मोटरची पाटी, मोटरची पुली, गिरणीची पुली आणि दोन्ही पुल्यांमधलं अंतर टेप धरून. व्ही पट्ट्यावर 'आयएस 2494' हा भारतीय मानकाचा क्रमांक आहे का पाहा. एकापेक्षा जास्त पट्टे लागत असतील तर एकाच कंपनीचे, एकाच मापाचे, एकाच वेळी घ्या.

दुकानदाराने जास्त मजबूत म्हणून दातेरी पट्टा पुढे केला तर त्याला फक्त एवढंच विचारा : भातात खडा आला तर हा घसरेल का? नाही म्हणाला, तर तो पट्टा गिरणीसाठी नाही.